दोन पिल्लं घरी आणेपर्यंत: शोधापासून नसबंदीपर्यंतच्या नोंदी

५ जून

घरात एकमत झालं. मांजर आणायचं, आणि आणायचं तर एकाच वेताची दोन पिल्लं. आमचं घर दुपारभर रिकामं असतं. एकटं पिल्लू त्या वेळात झोपा काढतं आणि माणसं परतली की साठलेली सगळी मस्ती त्यांच्या पोटऱ्यांवर काढतं. दोघं असली की एकमेकांना चावतात, जोरात चावलं की समोरचं कळवळून ओरडतं आणि खेळ मोडतो. दात किती रोवायचे हे पिल्लाला त्यातून कळतं. तेच माणसानं शिकवायचं म्हणजे हातभर ओरखडे.

खर्चाचं गणित आधीच मांडलं. खाणं, लस, नसबंदी हे सरळ दुप्पट. खिडक्यांची जाळी, खोलीची तयारी हे एकदाच. पिल्लू फुकट मिळालं काय आणि विकत घेतलं काय, पहिल्या वर्षाचा मोठा खर्च दवाखान्याचाच असतो. तो झेपत नसेल तर एकच आणावं, किंवा मोठं, नसबंदी झालेलं मांजर आणावं. त्याचा स्वभावही आधीच कळलेला असतो.

लिटर, म्हणजे मांजराच्या शौचाच्या ट्रेमधली वाळू, कोण साफ करणार? मी. मुलं म्हणाली होती, ‘आम्ही करू’. धाकटी सात वर्षांची आहे. घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज काढतं, म्हणजे त्याला म्हातारपणी औषध पाजायची वेळ येईल तेव्हा ही कुठे नोकरीला असेल कोण जाणे. त्यामुळे मांजर मुलांचं म्हणवलं तरी ते आम्हा नवराबायकोचं, हे दोघांनी कबूल करून टाकलं.

अडलंय ते थोरल्यापाशी. त्याला धुळीची ॲलर्जी आहे. मांजराची ॲलर्जी केसांची, असं जो तो सांगतो. खरा त्रास एका प्रथिनाचा, फेल डी १ असं त्याचं नाव. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत तयार होतं, अंग चाटताना केसांवर पसरतं आणि सुकून हवेत उडतं. म्हणून ‘कमी केसांची जात घ्या’ या सल्ल्यात फारसा दम नाही. मैत्रिणीकडे दोन मांजरं आहेत, तिच्याकडे याला नेऊन बसवायचं. एका भेटीत शिंक आली नाही म्हणून हुरळून जायचं नाही, पुन्हा न्यायचं. तोवर पिल्लांचे फोटोसुद्धा बघायचे नाहीत, असं ठरलं. (फोटो बघितले गेले.)

१४ जून

थोरला मैत्रिणीच्या सोफ्यावर मांजर मांडीवर घेऊन अख्खा सिनेमा बघून आला. डोळे स्वच्छ, नाक कोरडं. शोध सुरू.

आजची संध्याकाळ मात्र पाण्यात. जाहिरात सुंदर, पिल्लं सुंदर, ‘सर्व लसी झालेल्या’, आणि पत्ता मागितला की ‘आधी आगाऊ रक्कम पाठवा, मग ठेवून घेतो’. म्हटलं, येऊन बघते. तर मालक गावाला गेलेले. व्हिडिओ कॉल करा म्हटलं, तर फोनचा कॅमेरा बिघडलेला. फोटो इंटरनेटवर उलटा शोधून पाहिला, तीच पिल्लं निरनिराळ्या शहरांतल्या जाहिरातींत निघाली. पैसे गेले नाहीत, पण मुलांनी तोवर नावं ठेवून झाली होती.

यावरून एक पक्कं केलं: पिल्लं जिथे वाढली त्या जागी जाऊन, त्यांच्या आईसकट बघता येत नसतील तर पुढे बोलायचंच नाही. ‘मध्येच कुठेतरी भेटू, मी पिल्लू घेऊन येतो’ हाही नकारच. आई का बघायची? पिल्लाच्या स्वभावाचा मोठा भाग दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ठरतो. त्या काळात माणसांचे हात, आवाज, घरातली भांडीकुंडी त्याच्या ओळखीची झाली नसतील तर पुढे ती ओळख करून देणं फार जड जातं. आई माणसांना बुजत असेल तर पिल्लंही तेच शिकतात. बापाचं धीटपणसुद्धा पिल्लांत उतरतं असं अभ्यासांत दिसलंय, पण बोका बहुतेक वेळा दाखवायला हजर नसतो.

२० जून

थोरल्याला दुमडलेल्या कानांचं पिल्लू हवं होतं. स्कॉटिश फोल्ड. त्याला बसवून सांगितलं की ते कान दुमडतात ते कुर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, दोषामुळे, आणि कुर्चा काही फक्त कानात नसते. तोच दोष पायांच्या आणि शेपटीच्या सांध्यांत असतो, तिथे तो दुखतो. मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे फोटोत ते गोड आणि शांत दिसतं. विषय तिथेच मिटला. चपट्या नाकाचीही नकोत, श्वासाचा आणि सतत गळणाऱ्या डोळ्यांचा त्रास आयुष्यभर पुरतो.

ज्यांना जातिवंतच हवं असेल त्यांनी आईबापांच्या तपासण्यांचे कागद मागावेत. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो, मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, आणि दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या आहेत. चांगला ब्रीडर पिल्लू साधारण बारा-तेरा आठवड्यांचं होईपर्यंत हातात देत नाही आणि ‘लगेच घेऊन जा’ म्हणत नाही. आमच्यापुरता हा रस्ता बंद.

२८ जून

धाकटी शाळेतून धावत आली, कुंपणाच्या कोपऱ्यात पिल्लं आहेत, आई नाही, आपण घेऊ या. गेलो. तीन पिल्लं, डोळे उघडलेले, एकमेकांवर लोळून झोपलेली. पोटं टम्म, अंग कोरडं, आवाज नाही. आई नसलेली पिल्लं अशी झोपत नाहीत, ती भुकेनं आकांत करतात. मांजर खायला शोधायला तासन्‌तास जातं, आणि माणसं जवळ उभी असली तर परत येत नाही.

आम्ही लांब जिन्यावर जाऊन बसलो. धाकटीचा धीर सुटत होता. अंधार पडायच्या सुमारास भाटी भिंतीवरून उतरली, इकडेतिकडे बघितलं आणि आत शिरली. घेऊन आलो असतो तर आईचं दूध तोडलं असतं आणि बाटलीनं दर काही तासांनी दूध पाजायचं काम गळ्यात पडलं असतं. गाईचं दूध त्यांना चालत नाही, जुलाब होतात, पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर लागते. प्राणिसंस्थेला कळवलं. पिल्लं दूध तोडण्याच्या वयाची झाली की पकडायची आणि आईची नसबंदी करायची, असं त्यांनी सांगितलं. ती पिल्लं आम्हाला मिळतील का विचारलं, तर त्यांच्याकडे आधीच घरं ठरलेली आहेत.

६ जुलै

पहिलं घर बघितलं. ‘दोन महिन्यांची आहेत, आजच न्या.’ पिल्लू तळहातावर घेतलं तेव्हाच शंका आली. स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीतून नेला होता (नवऱ्यानं यावर बरीच थट्टा केली, पण न्याच). अर्ध्या किलोला थोडं जास्त भरलं. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि नीट वाढलं तर आठवड्याला साधारण तेवढंच चढतं. म्हणजे आठ आठवड्यांचं पाऊण किलोच्या वर, नऊशेच्या आसपास हवं. वजन उपासमारीनंही कमी असतं, म्हणून तोंड उघडून बघितलं. पुढचे दात आणि सुळे होते, दाढा जेमतेम हिरडीतून डोकावत होत्या. डोळे अजून तान्ह्या निळ्या रंगाचे, तो रंग सहा-सात आठवड्यांनी बदलायला लागतो. पिल्लं फार तर पाच आठवड्यांची.

मालकांना म्हटलं, अजून तीन-चार आठवडे आईजवळ राहू द्या, खाण्याचा आणि जंतांच्या औषधाचा खर्च आम्ही देतो, मग नेतो. त्यांना घर मोकळं करायची घाई होती. दोन दिवसांनी फोन केला तर पिल्लं दुसऱ्या कोणी नेली होती. धाकटी रडली. मलाही वाईट वाटलं, पण तेवढ्या कोवळ्या वयात तोडलेली पिल्लं पुढे चावरी आणि भित्री होतात, आणि त्यांच्या आईची नसबंदी करायचा त्या घराचा विचारही नव्हता. दर काही महिन्यांनी तिथे हेच होत राहणार. मांजर जेमतेम नऊ आठवडे गाभण राहतं, आणि पिल्लं पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकतं.

११ जुलै

दुसरं घर. उंबऱ्याच्या आत गेलोच नाही.

दारातच बोलता बोलता बाई म्हणाल्या, एक पिल्लू गेल्या आठवड्यात ‘असंच’ गेलं, आणि आणखी एक कालपासून खात नाही, ओकतंय. इथे मागे फिरायचं असतं. पिल्लांमध्ये उलटी, मलूलपणा आणि अचानक मृत्यू म्हटलं की पहिली शंका पॅनल्यूकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दहा दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणजे त्या घरातलं टुणटुणीत दिसणारं पिल्लूसुद्धा भरवशाचं नाही. त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या म्हणून हात जोडून सांगितलं आणि ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर दिला. संध्याकाळी फोन आला, चाचणीत तेच निघालं.

हा विषाणू घरात वर्षभर टिकून राहू शकतो आणि साध्या फिनेलनं मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो. आमचे जोडे दाराबाहेरच ब्लीचच्या पाण्यानं धुतले, कपडे गरम पाण्यात टाकले, आणि पुढची ठरलेली भेट लांबवली. आपल्या पायांनी दुसऱ्याच्या पिल्लांना रोग नेऊन पोचवायचा नाही. ज्यांच्याकडे याच आजारानं पिल्लू गेलंय त्यांनी लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात इतक्यात आणू नये, लसी झालेलं मोठं मांजर आणावं.

१९ जुलै

आजची नोंद लांब होणार.

प्राणिसंस्थेसाठी पिल्लं सांभाळणाऱ्या एका ताईंकडे गेलो. आई आणि पाच पिल्लं, सात आठवडे पूर्ण. संस्थेनं आईला गाभण असताना आणलेलं, त्यामुळे जन्मतारीख अंदाजपंचे नाही, वहीत लिहिलेली. वहीत प्रत्येक पिल्लाचं वजन ओळीनं होतं, जंतांचं औषध दर दोन आठवड्यांनी दिल्याच्या तारखा होत्या. (गोल जंत आईच्या दुधातूनच पिल्लात जातात, म्हणून पिल्लू घरातलं असलं तरी औषध चुकत नाही.) आणि एक गोष्ट त्यांनी आम्ही विचारायच्या आत सांगितली: पिल्लांवर पिसवा होत्या, औषध घातलंय, अजून थोड्या सापडतील. खरंच, एका पिल्लाच्या शेपटीच्या मुळाशी काळे कण दिसले. ओल्या कापसावर टेकवले तर तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मला यानं काळजी वाटण्याऐवजी बरंच वाटलं. जी बाई पिसवा सांगते ती बाकीचंही सांगेल.

पहिला अर्धा तास कोणालाही हात लावायचा नाही असं मुलांना बजावलं होतं. खाली बसलो, नुसते. आई येऊन आमची पावलं हुंगून गेली आणि निवांत पसरली. पिल्लांपैकी एक तिरंगी लगेच थोरल्याच्या बुटाची नाडी ओढायला लागली. एक करडं तिच्या मागोमाग. दोन काळी आपापसांत कुस्ती खेळत होती, आम्ही त्यांच्या खिजगणतीत नव्हतो. पाचवं, पांढरं-पिवळं, कपाटाखाली जाऊन बसलं ते बसलंच.

मग मी मुद्दाम किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकला. सगळी दचकली, दचकायलाच हवीत. बघायचं ते पुढचं: किती वेळात परत येतात. तिरंगी आणि करडं काही क्षणांतच जुडगा हुंगायला आली. एक काळं तर वळलंही नाही, म्हणून त्याच्यामागे वेगळी टिचकी वाजवली. कान फिरला, म्हणजे ऐकू येतंय, फक्त कुस्ती महत्त्वाची होती.

एकेकाला उचलून बघितलं. पोटाखाली हात, मागचे पाय आधाराला. धडपडलं तरी चालेल, पण काही सेकंदांत अंग सैल पडायला हवं. लाकडासारखं ताठ राहणारं किंवा फिस्कारून बोचकारणारं पिल्लू लहान मुलांच्या घरी कठीण. अंग बघायची माझी पद्धत नाकापासून शेपटीकडे. डोळ्यांत चिपडं आहे का, नाकाला शेंबूड आहे का, श्वास घरघरतो का. हिरड्या गुलाबी हव्यात, फिक्या असतील तर पिसवांनी किंवा जंतांनी रक्त ओढलंय. कानात काळपट भुसभुशीत मळ असेल तर कानातले किडे. पोट जेवणानंतर गोल असणार, पण बरगड्या हाडकुळ्या आणि पोट मात्र नगारा असेल तर जंत. शेपटीखाली जुलाबाचे डाग. केसांत कुठे गोल टक्कल.

नर-मादीचा घोळ इथेही होताच. ताईंच्या वहीत करडं ‘मादी’ म्हणून होतं. शेपटी उचलून बघितलं तर एकाखाली एक सुटी दोन टिंबं, सरळ विसर्ग. बोका. मादीचं खालचं टिंब उभ्या फटीसारखं असतं आणि वरच्याला जवळजवळ चिकटून असतं. तिरंगीचं तपासायचीही गरज नव्हती. पिवळा-काळा ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, दोन्ही रंग एकत्र यायला दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळपास नेहमी मादीच.

नवऱ्याला कपाटाखालचं पांढरं-पिवळं हवं होतं. त्याचं मन अशाच ठिकाणी अडतं. ताईंनी सांगितलं, ते माणसाळतंय, पण त्याला मोठ्यांचं, शांत घर हवं. आमच्याकडे सात वर्षांची मुलगी, तिच्या मैत्रिणी, दारावरची घंटा. कीव आली म्हणून ते पिल्लू नेलं असतं तर त्यानं वर्षभर पलंगाखालीच काढलं असतं. नवरा गप्प बसला.

जाताना ताईंनी आम्हाला प्रश्न विचारले, आणि ते आमच्यापेक्षा कडक होते. खिडक्यांना जाळी आहे का. गावाला जाता तेव्हा कोण बघणार. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी. नसबंदी करणार असं लिहून द्याल का. उद्या जमलं नाही तर पिल्लू मलाच परत द्यायचं, दुसऱ्या कोणाला नाही. एका गृहस्थांना म्हणे या प्रश्नांचा राग आला होता. मला वाटलं, जो हे विचारत नाही त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.

२६ जुलै

दुसरी भेट, मुद्दाम वेगळ्या वेळी. नुकतंच जेवून झोपलेलं पिल्लू मवाळ वाटतं आणि भुकेलेलं धीट वाटतं, म्हणून एका भेटीवर निवडू नये. तिरंगी आज झोपेत होती, करडा जागा. तरी दोघं एकमेकांच्या अंगावर. ताई म्हणाल्या, ही दोघं पहिल्यापासून अशीच. झालं, ही दोघं.

पहिली लस झाली. दहा आठवड्यांची झाली की न्यायची. पिल्लं तिथे खातात तेच खाणं आणि तेच लिटर आणून ठेवायचं. मी एक जुनी चादर त्यांच्या झोपायच्या टोपलीत टाकून आले, ती पिल्लांबरोबर परत येईल, वास लागलेली.

२ ऑगस्ट

घराची तयारी. अंदाजापेक्षा दुप्पट वेळ गेला, जवळपास सगळा जाळीत. आधी मच्छरदाणीची जाळी चालेल असं वाटलं होतं. मैत्रिणीचं मांजर येऊन त्या जाळीवर लटकलं तर कोपरा सुटला. सगळी उतरवून घट्ट चौकटीत जाड जाळी बसवून घेतली. दोनदा खर्च.

गुडघ्यांवर रांगत खोली बघितली. शिलाईचा डबा सगळ्यात धोक्याचा. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतच सरकत जातो आणि आतड्याला सुरकुत्या पाडून कापतो. शस्त्रक्रियेशिवाय सुटका नाही. रिबिनी, केसांचे रबर, भेटवस्तूंची चकाकती फीत, सगळं डब्यात. लिलीची फुलं घरात बंद. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलची पाकिटं कपाटात वर, एक गोळी मांजराला मारायला पुरते. वॉशिंग मशीनचं दार कायम लावलेलं, आणि सुरू करण्याआधी आत हात घालून बघायचं.

नणंदेला पाचवा महिना आहे, ती सारखी येते. टॉक्सोप्लाझ्मामुळे, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून येणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीमुळे, घरात धास्ती होती. तिला लिटरला हात लावायचाच नाही, आणि आम्ही ते रोज काढायचं. मांजराच्या विष्ठेतून आलेले त्याचे अंश संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस, कधी पाच दिवसही लागतात, त्यामुळे रोजच्या सफाईनंच धोका पुष्कळ उतरतो. डॉक्टरांशी बोलून तिला निश्चिंत केलं.

शेजारच्यांनी प्रेमानं कुत्र्याचं पिसवांचं औषध आणून दिलं. हात जोडून परत केलं. त्यात परमेथ्रिन होतं, ते कुत्र्याला चालतं, मांजराला झटके आणून मारतं.

९ ऑगस्ट

आली. गाडीत दोघं ओरडून दमली. घरभर सोडायचं नाही, एकच खोली: एका टोकाला खाणं-पाणी, दुसऱ्या टोकाला लिटरचे ट्रे, मध्ये ती चादर आणि एक आडवा खोका. दोन आठवडे हीच खोली, रोग असेल तर इथेच कळेल.

तिरंगी खोक्यात. करडा कपाटामागे. त्याला ओढून काढायचं नाही म्हटल्यावर मुलांचे चेहरे पडले. धाकटीनं उपाय काढला: कपाटासमोर बसून पाढे म्हणायचे. तेराच्या पाढ्याला तो बाहेर आला. रात्री दोघांनीही फारसं खाल्लं नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर दवाखाना, ही मर्यादा आधी ठरवलेली बरी, म्हणजे मध्यरात्री घालमेल होत नाही. पहाटे वाट्या रिकाम्या होत्या.

१८ ऑगस्ट

करड्याच्या कानामागे पावलीएवढं टक्कल. दवाखान्यात जांभळ्या दिव्याखाली तिथले केस हिरवे चमकले. नायटा. बुरशीची खात्री करायला नमुना पाठवला, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. हा दिवा सगळ्याच बुरशींत चमकत नाही, त्यामुळे चमकलं नाही म्हणजे नाही असं समजू नये. थोरल्याच्या मनगटावरही गोल लाल चट्टा उठलाच.

औषधी पाण्यानं आंघोळ आठवड्यातून दोनदा, पोटातून औषध, खोली रोज झाडून-पुसून, चादरी गरम पाण्यात. बुरशीचे बीजाणू कोपऱ्यांत कित्येक महिने तग धरतात. एकाच खोलीत ठेवल्याचा फायदा इथे कळला, नाहीतर अख्खं घर धुवावं लागलं असतं. दोन आठवड्यांची कोंडणूक मात्र आता सहा-सात आठवड्यांची झाली, आणि या औषधोपचाराचा खर्च आमच्या हिशेबात नव्हता.

ताईंना फोन केला. त्यांनी एकदाही ‘आमच्याकडे नव्हतं’ म्हटलं नाही. त्याच दिवशी उरलेली पिल्लं तपासून घेतली, दोन्ही काळ्यांना नेलेल्या घरांना कळवलं, त्यांतल्या एकाकडे सुरुवात झालेलीच होती. पिल्लू निवडताना माणूसही निवडायचा तो यासाठी. पिसवांच्या वेळी जे वाटलं होतं ते बरोबर निघालं.

३० ऑगस्ट

दुसरी लस आठवड्यापूर्वी झाली, तिसरी सोळा आठवडे उलटल्यावर, रेबीजची वेगळी. शेवटची लस सोळाव्या आठवड्याआधी उरकून टाकू नये, आईकडून आलेली प्रतिद्रव्यं तोवर लसीला निष्प्रभ करू शकतात. मांजरांच्या ल्युकेमिया आणि एड्सच्या विषाणूंची (माणसांना न होणाऱ्या) चाचणी दोघांची निगेटिव्ह. एड्सची पॉझिटिव्ह आली असती तरी या वयात ती आईच्या प्रतिद्रव्यांमुळेही येते, पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा करावी लागते. केवळ त्यावरून पिल्लू परत करणारे लोक असतात, म्हणून लिहून ठेवलं.

नवीन घोळ: जुनं लिटर संपलं म्हणून मी एकदम दुसरं भरलं, सुगंधी. तिरंगीनं गादीवर मुतून निषेध नोंदवला. गादी गेली. जुनं परत आणलं, वास नसलेलं नवं त्यात रोज मूठभर मिसळत गेले, आणि तिसरा ट्रे ठेवला. दोन मांजरांना तीन ट्रे हा हिशेब मी कंजूषपणानं टाळला होता.

२७ सप्टेंबर

नायट्याचे लागोपाठ दोन नमुने स्वच्छ आले. खोलीचं दार उघडलं. तिरंगी सरळ स्वयंपाकघरात, करडा पुन्हा कपाटामागे, पण या वेळी पाच मिनिटंच.

दोघांची वजनं दीड किलोच्या पुढे. भाऊ-बहीण असले तरी चार-पाच महिन्यांत ते त्यांच्या लेखी नर-मादी, तिला त्या वयातही गर्भ राहू शकतो. पहिला माज येऊ द्या, एक वेत होऊ द्या, असं सांगणारे पुष्कळ भेटले, त्याला वैद्यकीय आधार नाही. दोघांची नसबंदी एकाच दिवशी, पुढच्या गुरुवारी सकाळी. वेगळ्या दिवशी केली तर दवाखान्याचा वास घेऊन आलेल्यावर दुसरं फिस्कारतं. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घेतलं, पिल्लांना मोठ्यांइतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. कातडीखाली बसवायची ओळखीची चिपही त्याच वेळी, तिच्या नोंदणीत माझा आणि ताईंचा असे दोन्ही नंबर द्यायचे. तिच्या पोटावरचे टाके ती चाटणार, म्हणून गळ्यातली कॉलर आणून ठेवली आहे. करड्यानं ती आजच चावून बघितली.